झुकलेला अर्जुन

१

वातुकेम्बारच्या संग्रहालयात गुरुवारी सकाळी चोरी उघडकीला आली, आणि काय गेलं ते कळल्यावर सगळ्यांना हायसंच वाटलं.

कारण चोराने नेला होता तो खोटा अर्जुन. खरा जागच्या जागी होता.

दालनाच्या मध्यभागी काचेच्या दोन पेट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. दोन्हींच्या तळाशी केळीच्या ताज्या खोडाचा हातभर तुकडा आडवा ठेवलेला. सावल्यांच्या खेळातली बाहुली उभी राहते ती केळीच्या खोडातच. रेड्याच्या कातड्याची, जाळीसारखी कोरून रंगवलेली बाहुली, तिच्या कण्याला शिंगाची दांडी. दांडीचं टोक खोडात रोवलं की अर्जुन रात्रभर उभा. उजव्या पेटीवर पाटी होती 'असल', डावीवर 'नक्कल'. उजवीत अर्जुन होता. डावीत नुसतं खोड होतं, आणि खोडात करंगळीही शिरणार नाही एवढं एक भोक.

"नक्कल गेली, पाक," झाडू हातात तसाच धरून रखवालदार सुकिमन म्हणाला. वातुकेम्बारकडे मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू.

संग्रहालयाचे प्रमुख हर्सोयो धापा टाकत आले. त्यांनी आधी उजवी पेटी पाहिली, मग डावी, मग पुन्हा उजवी. "काच शाबूत, कुलूप शाबूत. आणि गेली ती नक्कलच ना? देव पावला! असल गेला असता तर उद्या राजधानीच्या तज्ज्ञांना काय तोंड दाखवलं असतं मी?" त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

वुर्यानीबाई दाराशी उभ्या होत्या, काखेत चित्रांची गुंडाळी घेऊन. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता दर रविवारी संग्रहालयात मुलांचा वर्ग घेत. मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर लावायला म्हणून त्या आल्या होत्या.

"रुमालाला काय झालं, पाक?" त्यांनी विचारलं. पांढऱ्या रुमालावर तपकिरी डाग पडले होते.

"काल कॉफी सांडली, बू."

"द्या इकडे, धुऊन आणते. उद्या पाहुण्यांसमोर असला रुमाल काढणार का?"

हर्सोयोंनी काहीही विचार न करता तो देऊन टाकला. निम्म्या गावाची नाकं पुसलेल्या बाईला कोण नाही म्हणणार?

बाई उजव्या पेटीजवळ गेल्या. अर्जुन जरासा झुकला होता. भर सभेत डुलकी लागलेल्या माणसासारखा.

"सुकिमन, हा वाकडा उभा आहे."

सुकिमनने मान वर केली नाही. "खोड सुकलं असेल, बू."

"कोणी हात लावू नका!" हर्सोयो ओरडले. "उद्या दहा वाजेपर्यंत दालन बंद. चला, सगळे बाहेर."

बाई बाहेर आल्या, पण पाय जिन्यावरच अडखळला. खोड तर कालच कापलेलं. ते एका रात्रीत सुकतं? आणि ज्या चोराला खरं-खोटं कळतं, तो खोटा कशाला नेईल? कळत नसेल, तर दोन्ही का नाही नेले?

२

तासाभरात मिनार्सिह आली. रांदुसारीहून सायकल मारत आली होती. लाकूडतोड्यासारखे कणखर हात, बोटांवर छिन्नीचे वण. बाहुल्या कोरणं हे तिच्या आज्याचं काम आणि आता तिचं. डाव्या पेटीतला अर्जुन तिच्याच घरचा होता, महिनाभरासाठी प्रदर्शनाला दिलेला.

"माझ्या म्बाहंची, माझ्या आज्याची, एकच तर खूण उरली होती घरात," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून रडू लागली.

"अगं, खूण कसली?" मागून आवाज आला. भारी बाटिकचा सदरा घातलेले गुनादी नुकतेच गाडीतून उतरले होते. त्यांचे वडील वीरातमो यांनीच चाळीस वर्षांपूर्वी असल अर्जुन संग्रहालयाला दिला होता. दालनाला नावही त्यांचंच. "चोरही काय नग म्हणायचा! सोनं ठेवून पितळ घेऊन गेला. का गं, घरच्याच कोणी तर नेला नाही ना? आज्याची नक्कल चार लोकांनी बघायला नको म्हणून?"

"माझ्या म्बाहंनी कधी नक्कल केली नाही."

"मग पाटी काय खोटी आहे?"

पाटीचा इतिहास गावातल्या पोराबाळांनाही पाठ होता. मिनार्सिहचे आजोबा म्बाह कर्तो यांनी तरुणपणी एक अर्जुन कोरला आणि रांदुसारीचे जुने सूत्रधार जसवादी यांना दिला. जसवादींनी तो अडतीस वर्षं खेळवला. मरताना म्हणाले, ज्याचा त्याला परत द्या. त्यानंतर वर्षभरात वीरातमोंनी संग्रहालयाला हुबेहूब तसाच अर्जुन भेट दिला. सोबत कागद होता, राजवाड्याच्या शिक्क्याचा, दोनशे वर्षं जुना. झालं! एकाला कागद, दुसऱ्याला नाही. ज्याला कागद नाही तो आपोआप नक्कल ठरला. म्बाह कर्तोंना लोक 'नकल्या' म्हणू लागले, राजवाड्याची कामं बंद झाली आणि त्याच नावाचं ओझं घेऊन ते गेले.

"पोरी, शांत हो," हर्सोयो मायेने म्हणाले. "ही कागदपत्रं मी करून ठेवली आहेत. नक्कल हरवली, भरपाई मिळाली, काही तक्रार नाही. सही कर म्हणजे आजच पैसे मिळतील. उद्या तज्ज्ञ येऊन असल अर्जुनावर राष्ट्रीय ठेव्याचा शिक्का मारून जातील, मग या भानगडीला कोण विचारतंय?"

मिनार्सिहने डोळे पुसत दालनाकडे पाहिलं. दाराच्या जाळीतून बारा-पंधरा पावलांवर उजवी पेटी दिसत होती. वुर्यानीबाईंच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. रडता रडता ती एकदम थांबली. ओठ उघडले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा मिटले.

तिने पेन हातात घेतलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "वाचल्याशिवाय सही करायची नाही हे मी तुला तिसरीत शिकवलंय. घरी ने, उद्या दे."

"बू, उद्या तज्ज्ञ आहेत!" हर्सोयोंचा आवाज चढला.

"म्हणूनच. उद्या सगळ्यांसमोर करेल की. घाई कसली आहे, पाक?"

मिनार्सिहने पेन खाली ठेवलं आणि कागद घडी करून पिशवीत टाकला.

३

शाळेत खडू हरवला तर बाई कधी पोरांच्या झडत्या घेत नसत. एकेकाला जवळ बसवून गप्पा मारत. खडू आपोआप सापडायचा.

सुकिमन मागच्या अंगणात शेंगदाणे सोलत बसला होता. बाईही पायरीवर बसल्या आणि दोन मुठी शेंगा ओढून सोलू लागल्या.

"खोडं तूच कापलीस ना?"

"काल दुपारी. मीच कापली, मीच रोवले दोघं. पाच वाजता कुलपं लावली."

"सरळ रोवलेस?"

सुकिमनला ते लागलं. "बू, पोरवयात पाच वर्षं मी जसवादींच्या मागे बसून बाहुल्या हातात दिल्यात. दांडी सैल वाटली तर आम्ही सोपट गुंडाळतो, केळीच्या खोडाची साल. वाकडा अर्जुन उभा केला असता तर म्हाताऱ्याने पळी फेकून मारली असती मला!"

"मग वाकडा कसा झाला?"

सुकिमनने मान खाली घातली. तो शेंगा फोडत राहिला.

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक मोठ्या पाकांकडे. बू, माझी नोकरी दर वर्षी नवी होते. सही त्यांची लागते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?"

"मी कुठे वैर घे म्हणते? दारावर कोण लक्ष ठेवतं, तेवढं सांग."

"पहारेकरी. तज्ज्ञ येणार म्हणून सोमवारपासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. अगदी मोठ्या पाकांच्या स्कूटरचीसुद्धा. काहीच बाहेर गेलं नाही."

बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. हातभर लांबीची कातड्याची बाहुली. दुमडता येत नाही, दुमडली तर मोडते. बाहेर गेली नाही म्हणजे आतच आहे. आणि सकाळपासून सुकिमनची खोली, माळा, विहीर, सगळं धुंडाळून झालं होतं.

गुनादी वडिलांचा फोटो दालनाबाहेरच्या भिंतीवर टांगून घेत होते. "डावीकडे, अजून डावीकडे! बू गुरू, या या. तुम्हीच सांगा, सरळ आहे का?"

"फोटो सरळ आहे. तुम्ही काल संध्याकाळी इथे होतात?"

"सहा वाजता आलो होतो हाच फोटो घेऊन. दालनाचं दार बंद. हर्सोयो आतून बाहेर आले, दाराला कुलूप लावून म्हणाले, उद्या लावू." ते हसले. "मला पकडताय की काय? अहो, मी माझ्या बापाचा अर्जुन सोडून त्या नकल्याचा कशाला चोरीन?"

"तोच प्रश्न मलाही पडलाय," बाई म्हणाल्या.

हर्सोयो कचेरीत होते. तीन भिंतींना छतापर्यंत कपाटं, कपाटांत फायली, जमिनीचे नकाशे, नोंदवह्या. माणूस कागदाचा. वस्तूला हात लावायच्या आधी तिची नोंद वाचायचा.

"काल संध्याकाळी तुम्ही दालनात होतात, पाक?"

"छे! दुपारभर जिल्हा कचेरीत आणि मग इथे. पेट्यांचं सगळं सुकिमनने केलं. मला त्या केळीच्या खोडाची शिसारी आहे, बू. चिकट, बुळबुळीत. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"बरं बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

सहा वाजता दालनातून बाहेर आलेला माणूस म्हणत होता, मी आत गेलोच नाही. विसरला असेल. माणसं विसरतात. पण घरी जाताना बाईंना चित्रांच्या गुंडाळीचं ओझं उगाच जास्त वाटू लागलं.

४

घरी गेल्यावर त्यांनी आधी रुमाल भिजवला. साबण लावून चोळला, लिंबू पिळलं, उकळत्या पाण्यात टाकला. मग तो दोरीवर टाकून ओसरीत चित्रं पसरून बसल्या.

रविवारी अजून खोडं आली नव्हती. दोन्ही अर्जुन पांढऱ्या चादरीवर आडवे ठेवले होते, दोघांच्या शेजारी चिठ्ठ्या. एकोणीस मुलांनी दोन्ही काढले होते आणि वर आपापल्या मोडक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'असल', 'नक्कल'.

बाईंनी पहिलं चित्र पाहिलं. दुसरं पाहिलं. मग त्या गुडघ्यांवर रांगत एकेक चित्र पाहत सुटल्या.

'असल' अर्जुनाची दांडी सगळ्यांनी जाडजूड काढली होती आणि टोकापर्यंत पिवळी रंगवली होती. 'नक्कल'ची दांडी खाली निमुळती, बारीक. आणि तळाला चार बोटं काळी कुळकुळीत! कुणी ती बूट घातल्यासारखी काढली होती, कुणी चिखलात रुतल्यासारखी.

त्यांना आठवलं. एका मुलीला त्या दिवशी त्यांनीच टोकलं होतं, "अगं, रंग खाली का सांडलास?" ती म्हणाली होती, "सांडला नाही, बू, तसाच आहे." आणि त्यांनी वर न बघताच म्हटलं होतं, "बरं, नीट काढ."

आयुष्यभर पोरांना सांगत आले, जे दिसतं ते काढा, माहीत आहे ते नको. आणि स्वतः मात्र पाटी वाचून मोकळी झाले! बाईंनी कपाळावर हात मारला.

दोरीवरच्या रुमालाकडे त्यांचं लक्ष गेलं. कॉफी असती तर पहिल्या पाण्यातच गेली असती. डाग होते तसेच होते. उलट अधिक गडद.

दुपारी चार वाजता त्या रांदुसारीला मिनार्सिहच्या अंगणात होत्या. मिनार्सिह ओंडक्यावर कातडं ठेवून छिन्नी ठोकत होती. ठक ठक ठक, रागाने.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"मग आता मला सांग. सकाळी जाळीतून काय पाहिलंस?"

छिन्नी थांबली. "बू, तुम्ही मला वेडी म्हणाल."

"आधी सांग तर."

"असलच्या पेटीत आमचा अर्जुन आहे." ती एका दमात बोलून गेली. "त्याची मान जरा पुढे आहे, म्बाहंची सगळी माणसं अशीच, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मी पाळण्यात असल्यापासून ती मान बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नकल्याची नात म्हणते, असल आमचा! गुनादी हसून लोळले असते. बू, त्यांच्या बोलण्याला शिक्का आहे. माझ्या बोलण्याला काय आहे?"

वुर्यानीबाईंनी गुंडाळी उघडून तिच्यासमोर धरली. "एकोणीस साक्षीदार आहेत. वयं सात ते दहा. अजून एकालाही खोटं काढता येत नाही."

मिनार्सिहने काळ्या टोकावरून बोट फिरवलं. "केळीचा चीक," ती हळूच म्हणाली. "दर खेळाला नवं खोड, नवा चीक. अडतीस वर्षांचा थर आहे हा."

"उद्या दहा वाजता ये," बाई म्हणाल्या. "आणि तो कागद घेऊन ये, सही न करता. तिथे शिक्का बसला की तुझ्या म्बाहंचा अर्जुन कायमचा वीरातमोंचा होईल आणि 'हरवलेली नक्कल' म्हणून तुझ्या घराण्याचं नाव वहीत बंद होईल. दुसरी संधी नाही, पोरी."

"आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

"मग मी पुन्हा सांगेन. पाढे किती वेळा म्हणून घेतलेत मी तुमच्याकडून, आठवतंय ना?"

५

शुक्रवारी दहा वाजता तज्ज्ञ आले. तिघे होते. त्यांच्या प्रमुख तिर्तावती नावाच्या छोट्याशा चणीच्या बाई होत्या, गळ्यात जाड भिंग, पायात साध्या चपला.

हर्सोयोंनी शिक्क्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो भिंगाखाली बघून परत दिला. "कागद खरा आहे. आता अर्जुन काढा. मी पत्रात लिहिलं होतं, मला दांडीचं टोक बघायचंय."

"अवश्य!" हर्सोयो म्हणाले.

त्या पत्राची गोष्ट बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. मनातली शेवटची कडी बसली.

तिर्तावतींनी सोपटाच्या तुकड्यात दांडी धरली, अलगद फिरवून अर्जुन उपसला आणि उजेडात धरला. निमुळतं टोक. चार बोटं काळंभोर.

"वा," त्या म्हणाल्या. "हा खेळलाय. भरपूर खेळलाय."

"म्हणजे असलच!" हर्सोयो उत्साहाने पुढे झाले. "हा डाग काही उसना आणता येत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"अगदी बरोबर बोललात, पाक," वुर्यानीबाई म्हणाल्या. "हे वाक्य लक्षात ठेवा."

आणि त्यांनी एकोणीस चित्रं जमिनीवर मांडली. एकापुढे एक, दोन रांगांत.

दालनात सगळे वाकून पाहू लागले. गुनादींनी चष्मा लावला.

"ही रविवारची आहेत. तारीख आहे, पोरांची नावं आहेत. रविवारी काळं टोक 'नक्कल'ला होतं. आज ते 'असल'ला आहे. डाग उसना आणता येत नाही, मग रविवारपासून आजपर्यंत तो इकडून तिकडे गेला कसा? डाग गेला नाही. अर्जुन गेला. नक्कल चोरीला गेलेलीच नाही. तिला फक्त शेजारच्या पेटीत नेऊन उभं केलंय. गायब झालाय तो दुसरा."

"पोरांची चित्रं!" हर्सोयो हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "उलटसुलट लिहिलं असेल पोरांनी."

"एकोणीसच्या एकोणीस जणांनी? बरं, चित्रं सोडा. ही खोडं बघा. डाव्या खोडातलं भोक बारीक आहे, उजव्यातलं रुंद. म्हणजे बुधवारी बारीक दांडीचा डावीकडे होता. काल सकाळी तोच बारीक दांडीचा रुंद भोकात उभा होता, म्हणून झुकला होता. हे सुकिमनने केलं असतं तर त्याने सोपट गुंडाळलं असतं. मिनार्सिहनेही गुंडाळलं असतं. हे अशा माणसाचं काम आहे ज्याने आयुष्यात कधी बाहुली उभी केली नाही. आणि ज्याच्याकडे किल्ली आहे."

"बू, तोंड सांभाळून! मी खोडाला बोटसुद्धा लावलेलं नाही, मी कालच सांगितलं."

"सांगितलंत खरं." बाईंनी पिशवीतून इस्त्री केलेला रुमाल काढून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. तीनदा धुतला. कॉफी जाते, पाक. केळीचा चीक जात नाही. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, म्हणून माणूस निश्चिंतपणे हात पुसतो. रंग सकाळी येतो. सुकिमन बाहुली सोपटात धरून काढतो, मघाशी बू तिर्तावतींनीही तशीच काढली. ज्याला माहीत नाही त्याचे हात बरबटतात."

सुकिमन भिंतीला टेकून उभा होता. अचानक तो पुढे आला. "मी दोघांना सरळ उभं केलं होतं," तो मोठ्याने म्हणाला. "नोकरी राहो की जावो. मी काल सकाळी दारातूनच ओळखला होता कर्तोंचा अर्जुन."

"मग दुसरा कुठे आहे?" गुनादींचा आवाज फाटला. "माझ्या वडिलांचा कुठे आहे?"

"दारावर झडती होती, म्हणजे बाहेर गेला नाही. सगळीकडे शोधून झालं, एक जागा सोडून. बाहुली कशी असते? चपटी. कागदासारखी. आणि कागदाचा माणूस ती कुठे ठेवेल?" बाई कचेरीकडे वळल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला आपला. जमिनीचे नकाशे ठेवायची मोठी फाईल उघडा."

फाईल उघडायची गरज पडली नाही. हर्सोयो खुर्चीत बसले होते, डोकं दोन्ही हातांत धरून.

"पत्र आलं महिन्यापूर्वी," ते म्हणाले. "दांडीचं टोक बघायचंय म्हणून. मी पहिल्यांदाच आमचा अर्जुन उलटा करून पाहिला. कोरं शिंग! दोनशे वर्षांचा म्हणायचा आणि एक रात्रही उभा राहिलेला नाही. कातडं चुलीच्या धुरात काळवंडवलेलं, दोन्ही अंगांनी सारखंच; दिव्यासमोर खेळलेलं एकाच अंगाने काळवंडतं." त्यांनी मान वर केली. "बू, मी एक पैसा खाल्ला नाही. शिक्का बसला असता तर गावाचं नाव झालं असतं. कोणाचं काय गेलं असतं?"

"माझ्या आज्याचं," मिनार्सिह म्हणाली.



६

दोन्ही अर्जुन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. गुनादी बराच वेळ वडिलांनी दिलेल्याकडे बघत होते.

"पण कागद तर खरा आहे, तुम्हीच म्हणालात," ते तिर्तावतींना म्हणाले. आवाजातला तोरा गेला होता.

"कागद खराच आहे. राजवाड्यातून एक अर्जुन बाहेर गेला, एवढंच त्यात आहे. तो कोणता, हे कागद सांगत नाही. खरा कागद कुठल्याही वस्तूच्या गळ्यात बांधता येतो, पाक. तुमच्या वडिलांनी बांधला की त्यांना कोणी तसाच विकला, ते आता कळायचं नाही."

"तसाच विकला असेल," गुनादी पुटपुटले. मग जरा वेळाने, मिनार्सिहकडे न बघता म्हणाले, "दालनाची पाटी मी उतरवतो. तुझ्या आज्याला मीही लहानपणी ओरडलो आहे, 'नकल्या, नकल्या' म्हणून. सायकलमागे धावत."

"मला माहीत आहे," मिनार्सिह म्हणाली. "सायकलवर पुढे मी बसलेली असायची."

तिर्तावतींनी राजवाड्याच्या अर्जुनाचा प्रस्ताव तिथल्या तिथे रद्द केला. मग नवा कोरा अर्ज काढला. "हा दोनशे वर्षांचा नाही. राजवाड्याचा नाही. किंमत कमी लागेल, वर्तमानपत्रात फोटोही यायचा नाही. पण कोणी घडवला, कोणी खेळवला, कुठल्या गावाने पाहिला, हे सगळं माहीत असलेला अर्जुन मला वीस वर्षांत मिळाला नव्हता. पोरी, संग्रहालयाला देशील?"

मिनार्सिहने बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही सुचवलं नाही. उत्तर मुलाने स्वतः शोधायचं असतं.

"देईन," ती म्हणाली. "दोन अटी आहेत. वर्षातून एकदा तो खेळाला बाहेर आला पाहिजे. आणि तो दुसराही इथेच राहू दे, शेजारी. पोरांना बघायला."

अर्जात एक रकाना होता, 'कारागीर'. संग्रहालयाच्या वहीत चाळीस वर्षं त्या जागी नुसती रेघ होती. मिनार्सिहने पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, कर्तो, रांदुसारी.

"वाचून सही केलीस ना?" बाईंनी विचारलं.

"दोनदा वाचलं, बू."

हर्सोयोंच्या जागी दुसरे प्रमुख आले. सुकिमनची नोकरी नवी झाली.

भाताची कापणी झाल्यावर रांदुसारीत खेळ झाला. पहाटे झांजा-घंटांचा शेवटचा घणघणाट थांबला, दिवा विझला, पेंगुळलेली पोरं आयांच्या खांद्यावर घरी निघाली. सुकिमन बाहुल्या उपसून पेटीत ठेवत होता. अर्जुन हातात आल्यावर त्याने सवयीने ओली दांडी पुसायला कापड उचललं.

मिनार्सिहने त्याचा हात धरला.

"नको, काका," ती म्हणाली. "तसाच वाळू दे."